तलंगा किती, कोंबडे किती?

नेरूळ गावठाणातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "खुडूक कोंबडीखाली चौदा अंडी ठेवली. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे टोकदार अंडी बाजूला काढून गोलसर तेवढी निवडली. बारा पिल्लं निघाली, सगळी जगली. पण चार महिन्यांनी पाहिलं तर आठ कोंबडे आणि चारच तलंगा! सासूबाई म्हणतात, सुनेच्या हाताला गुण नाही. पहाटे चारपासून आठही कोंबडे आळीपाळीने बांग देतात. शेजारी नवी तीन मजली इमारत झाली आहे, तिथले लोक रोज भांडायला येतात. आमचे हे म्हणतात, सगळ्या विकून टाक, कटकट नको. पण अंड्यांचे चार पैसे माझ्या हातात येतात, ते बंद होतील. पिल्लू लहान असतानाच नर की मादी ते कळेल का? आणि खुराडं कसं बांधावं?"

अशाच अर्थाची पत्रं घणसोली, पनवेल आणि उरणहूनही येतात. नवी मुंबईत इमारती उभ्या राहिल्या तरी गावठाणातली अंगणं अजून आहेत, आणि अंगण म्हटलं की चार कोंबड्या आल्याच. तेव्हा या वेळी सविस्तरच लिहिते.

हाताचा गुण की कोंबडीचा?

आधी सुनेच्या हाताबद्दल. ताई, तुमच्या हाताचा यात काडीचाही संबंध नाही. कोंबड्याच्या बीजात एकाच प्रकारचं लिंगसूत्र असतं. कोंबडीकडे मात्र दोन प्रकारची असतात, आणि त्यांतलं कुठलं अंड्यात उतरलं यावरून नर की मादी ते ठरतं. म्हणजे अंडं घातलं जातं तेव्हाच निकाल लागलेला असतो. नंतर ते कुणी उचललं, कुठल्या वारी ठेवलं, टोपलीत गवत घातलं की तूस, याने काही बदलत नाही. कासवांचं वेगळं. त्यांच्या अंड्यांत वाळू किती तापली यावर नर-मादी ठरतं. कोंबडीचं तसं नाही.

माणसात हे बरोबर उलटं आहे, बरं का. तिथे मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावरून ठरतं. आणि बोल मात्र वर्षानुवर्षं आईने खाल्ला. कोंबडीच्या बाबतीत सगळ्यांना मादी हवी आणि माणसांत सगळ्यांना मुलगा हवा. दोन्हीकडे दोष सुनेलाच! हे आता थांबायला हवं.

अंड्याच्या आकाराचंही तसंच. आपल्याकडे टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो म्हणतात. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते! दोघांनाही आपापलं खरं वाटलं, कारण निम्म्या वेळा कुठलाही अंदाज बरोबरच येतो. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंगलटीवर अवलंबून असतो. एकच कोंबडी साधारण एकाच घाटाची अंडी घालते. पिल्लू पायाला धरून उलटं टांगणं, त्याच्यावर दोऱ्यात अंगठी फिरवणं, हेही त्याच जातीचे उपाय.

आणि बारांत आठ कोंबडे म्हणजे काही आक्रीत नाही. नाणं बारा वेळा उडवलं तर आठ किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडणं साधारण पाच खेपांत एकदा घडतं. पुढच्या खेपेला आठ तलंगाही निघतील. पुष्कळ खेपा धरल्या की हिशेब निम्म्यावर येतो. तेव्हा गाठ मारून ठेवा, निम्मे नर निघणार. जितक्या तलंगा हव्यात त्याच्या अडीच पट अंडी ठेवावीत, म्हणजे दोन-चार अंडी वाया गेली तरी बेत चुकत नाही. गावठी कोंबडीखाली एका वेळी दहा-बारा अंडी नीट उबतात. जास्त हवी असतील तर दोन कोंबड्या खुडूक होईपर्यंत थांबावं.

एका दिवसाच्या पिल्लात ओळखता येतं का?

येतं, पण आपल्याला नाही. पिल्लाचं ढुंगण हलकेच दाबून आतला बारीक उंचवटा पाहायची विद्या जपानी शास्त्रज्ञांनी शोधली आणि १९२७ साली कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडली. तिच्यासाठी खास शिकलेली माणसं लागतात. मोठमोठ्या उबवणी केंद्रांत ती तासाला शेकडो पिल्लं वेगळी करतात. घरी हा प्रयोग करू नये. पिल्लाची आतडी दुखावतात आणि ते दगावतं.

काही संकरित जातींत पहिल्याच दिवशी पंखांच्या पिसांवरून किंवा लवेच्या रंगावरून नर-मादी कळतात. पण त्यासाठी आई-बाप ठरवून निवडलेले असावे लागतात. आपल्या अंगणातल्या मिश्र गावठी कोंबड्यांना हा नियम लावू नका.

इथेच एक धोक्याची सूचना. जत्रेत किंवा स्टेशनबाहेर टोपलीत गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं विकायला असतात. मुलं हट्ट धरतात आणि आपण चार पिल्लं घेऊन येतो. अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना नर पिल्लांचा उपयोग नसतो; उबवणी केंद्रात बाजूला काढलेली तीच पिल्लं बहुतेक वेळा रंगवून स्वस्तात विकली जातात. त्यांतली बरीचशी उबेवाचून आठवड्यात मरतात, आणि जगली तर कोंबडे होतात. अंड्यांच्या आशेने ती घेऊ नयेत.

आठवड्यागणिक काय पाहावं

एकाच खुणेवर विसंबू नका. एकाच वयाची, एकाच जातीची पिल्लं शेजारी उभी करून तीन-चार खुणा एकदम पाहा.

तीन ते चार आठवडे : तलंगांना शेपटीची पिसं लवकर फुटतात आणि पाठ लवकर भरते. नराची शेपटी आखूड, बोटकी राहते आणि पाठ उघडी दिसते. ही नुसती शंकेची खूण, खात्रीची नव्हे.

सहा ते आठ आठवडे : तुरा पाहा. नराचा तुरा रुंद होऊन लाल दिसू लागतो, चोचीखालचे लोळ लोंबू लागतात. तलंगेचा तुरा अजून लहान, फिकट पिवळसर किंवा गुलाबी असतो. पाय बघा : नराचे जाड आणि लांब, तलंगेचे बारीक. नर छाती काढून ताठ उभा राहतो.

दहा ते बारा आठवडे : ही खरी परीक्षा. मानेवरची आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बोटांनी उलगडून पाहा. नराची ही पिसं लांब, निमुळती, टोकदार आणि चकचकीत असतात. तलंगेची टोकाला गोल आणि मऊ. या वयात ही खूण सहसा फसवत नाही.

चार ते पाच महिने : कोंबडा आरवू लागतो, शेपटीत कोयत्यासारखी वाकडी पिसं येतात, पायाच्या मागच्या बाजूला काटा वाढू लागतो. तलंगेचा तुरा अंड्यावर येण्याच्या आधी दोन-तीन आठवडे एकदम लाल होतो. तो पाहून घाबरून तिला विकू नका, ती आता अंडी देणार आहे!

दोन अपवाद लक्षात ठेवा. कडकनाथ हा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा काळा पक्षी हल्ली पुष्कळजणी पाळतात. त्याचा तुराच काळपट जांभळा, म्हणून लालीची खूण तिथे चालत नाही. असील जातीचा तुरा मुळातच बसका असतो. या दोघांत पिसांवरूनच ठरवावं.

आणि क्वचित एखादी जुनी कोंबडी अंडी घालायची थांबते, तिचा तुरा वाढतो आणि ती आरवायला लागते. लोक अपशकुन म्हणून तिची मान मुरगळतात. कोंबडीची एकच, डावी बीजकोशी काम करते. ती बिघडली की शरीरात नराची लक्षणं दिसू लागतात. तो आजार आहे, अपशकुन नव्हे.

हे सगळं नको असेल तर आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगाच विकत घ्या. पिल्लापेक्षा महाग पडतात, पण दोन महिन्यांचा दाणा, ऊब आणि मर वाचते. राज्याच्या पशुसंवर्धन विभागानेही निम्म्या अनुदानावर याच वयाच्या २५ माद्या आणि ३ नर असे गट वाटले आहेत. सध्या योजना चालू आहे का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारावं.

कोंबडा ठेवावाच का?

नुसती खायची आणि विकायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते. चव तीच, कस तोच. उलट अशी अंडी उन्हाळ्यात जास्त टिकतात, कारण आत पिल्लू धरत नाही. घरची पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे.

आरवण्याबद्दल सांगायचं तर "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही" ही म्हण शास्त्रानेही खरी ठरवली आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं आणि उजेड दिसला नाही तरी तो वेळेवर आरवतो. पुढे त्यांनीच हेही दाखवलं, की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून. म्हणजे गोणपाट टाकून आवाज थोडा कमी होईल, बंद होणार नाही. खरा उपाय संख्या कमी करण्याचा. आठ कोंबड्यांचा गोंगाट आणि एकाची बांग यांत पुष्कळ फरक आहे. शेजारी कितीही चिडलेले असले तरी सात कोंबडे गेलेले पाहिल्यावर, आणि वर घरची चार अंडी हातावर ठेवल्यावर, बोलणं पुष्कळ सोपं होतं.

मग सातांचं काय करायचं? घाईने पडेल भावात विकू नका. गावठी कोंबड्याला आपल्या आगरी-कोळी वस्तीत सर्वांत जास्त मागणी आषाढाच्या शेवटी, श्रावण लागण्याआधी असते. जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लं काढली की त्या सुमारास ती पाच-सहा महिन्यांची, विकायच्या वजनाची होतात. श्रावणात गिऱ्हाईक नसतं आणि खाणं चालूच राहतं, म्हणून आषाढाआधी बोलणी करून ठेवावी. कोंबड्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाका. वर्षाच्या दाण्याचा बराच खर्च त्यातून निघतो. म्हणजे नर निघणं हेही नुकसान नव्हे. मात्र आधीपासून धरून चालायला हवं.

खुराडं : पिल्लांच्या आधी

पुष्कळजणी पिल्लं आणतात आणि मग खुराड्याचा विचार करतात. उलट करावं. दहा-बारा पक्ष्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद खुराडं रात्रीपुरतं पुरतं. म्हणजे दर पक्ष्याला पावणेदोन ते दोन चौरस फूट. दिवसा ती अंगणात फिरणार आहेत असं धरलं आहे. मध्ये एक काढता-घालता येणारी जाळीची चौकट बसवा. तिसऱ्या महिन्यानंतर नर एका बाजूला आणि तलंगा दुसऱ्या बाजूला ठेवता येतात. एकत्र ठेवले तर नर दाणा खाऊन टाकतात आणि तलंगांना टोचून हैराण करतात.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर असावं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगणात पाणी साचतं, आणि ओलीत बसलेल्या कोंबड्यांना रक्ती हगवण हमखास लागते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू फळीने बंद ठेवावी आणि दार पूर्वेला घ्यावं. इतर बाजूंना वरच्या अर्ध्या भागात जाळी. हवा खेळती हवी, नाहीतर विष्ठेच्या उग्र वासाने डोळे झोंबतात आणि सर्दी जडते. छपराची वळचण दीड-दोन फूट पुढे काढावी. मंगलोरी कौलं उत्तम. पत्रा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत वर माडाच्या झावळ्या टाकाव्यात.

जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस आणि घूस पंजा घालतात, साप तर सरळ आत येतो. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने जाळी गंजते, म्हणून मे महिन्यात एकदा हात फिरवून पाहावी. दाराला नुसती कडी नको, वर खिट्टीही हवी. भटकी कुत्री धक्क्याने कडी उघडतात. मुंग्यांसाठी खुराड्याच्या पायांखाली वाट्या ठेवायच्या तर त्यांत नुसतं पाणी ठेवू नका, त्यात डेंग्यूचे डास होतात. जुनं इंजिन ऑइल घाला.

आत बसायला गोल कडेची दांडी द्या, दर कोंबडीला आठ इंच. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक फूट लांब-रुंद खोकं, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली. दांडी खाली आणि खोकं वर असेल तर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. तळाला भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच टाकावा, रोज हलवावा, ओला झालेला भाग लगेच काढावा. तो काढलेला भुसा कुजवून मिरची-वांग्याच्या रोपांना घाला.

कोंबडीवाचून आणलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडतं आहे, सगळीकडे पसरली तर ऊब बरोबर आहे असं समजावं.

खाणं आणि दुखणं

तांदळाची कणी, भाजीचा पाला, उरलेली भाकरी एवढ्यावर अंडी भरत नाहीत. निम्मा तरी तयार दाणा द्यावा. कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांचे शिंपले स्वच्छ धुऊन, भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबड्या हवं तेवढं टिपतात. खारी सुकी मासळी मात्र देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, आणि पुढे आठव्या आठवड्यात टोचतात. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांचे डोस असतात आणि ती फोडली की दोन-अडीच तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी ठरवून लस द्यावी. खर्च वाटला जातो आणि एका घरचा रोग दुसऱ्या घरी जात नाही.

बर्ड फ्लूची बाब गंभीर आहे. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात घरगुती कोंबड्यांत हा रोग आढळला आणि तिथले पक्षी नष्ट करावे लागले. आपल्या खाडीकाठी हिवाळ्यात हजारो परदेशी पक्षी येतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या कोंबड्यांचं दाणा-पाणी आडोशाला, छपराखाली ठेवावं आणि त्यांना पाणथळीवर चरायला सोडू नये. एकदम दोन-चार पक्षी मेले तर ते शिजवू नयेत, कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि मुलांना लांब ठेवावं. लपवण्यात शहाणपण नाही. त्यात साऱ्या गावाच्या कोंबड्या जातात, आणि माणसालाही धोका आहे.

परवानगीबद्दलही विचारलं आहे. स्वतःच्या अंगणाची गोष्ट वेगळी आणि सोसायटीच्या फ्लॅटची वेगळी. बाल्कनीत कोंबड्या पाळण्याचा विचारच करू नये. नेरूळ, घणसोली नवी मुंबई महापालिकेत येतात. खारघर, कामोठे २०१६ पासून पनवेल महापालिकेत. आपापल्या विभाग कार्यालयात एकदा विचारून घ्यावं, म्हणजे पुढे तक्रार आली तर आपली बाजू पक्की राहते.

तेव्हा नेरूळच्या ताई, आता एवढंच करा. सगळ्यांत शांत स्वभावाचा, चांगल्या अंगाचा एक कोंबडा ठेवा, बाकीचे सात विका. आलेल्या पैशांत खुराड्याची जाळी घ्या. चार तलंगा सहाव्या महिन्यात अंड्यावर येतील. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. जास्त हवी असतील तर ग्रामप्रिया किंवा गिरिराजाच्या पाच-सहा तलंगा विकत आणून जोडीला ठेवा, त्या दुपटीहून अधिक देतात. यजमानांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. आणि सासूबाईंना पुढच्या खेपेला टोकदार आणि गोल अंड्यांवर शाईने वेगवेगळ्या खुणा करून दोन कोंबड्यांखाली ठेवायला सांगा. बाराव्या आठवड्यात दोघी मिळून पिसं उलगडून मोजा. मग हाताचा गुण कुणाचा, ते कोंबडीच सांगेल.